टिंब

आमच्या घरात माझ्याविषयी एक जुनी तक्रार आहे. मी समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उठतो. आई म्हणते, "येताना कोथिंबीर..." आणि मी चपला घालून जिन्यात. पुढचं "आणू नकोस, शेजारच्या काकूंनी दिलीय" हे बिचारं दारातच उभं राहतं. संध्याकाळी घरात पाच जुड्या होतात, आणि मग आठवडाभर आम्ही कोथिंबीर वडीवर जगतो.

यात थोडा दोष मराठीचाही आहे. नाही, नको, नव्हे, नसतं, असले सगळे महत्त्वाचे शब्द आपण शेवटासाठी राखून ठेवतो. समोरचा माणूस आशेनं मान डोलावत वाक्यभर चालत येतो आणि अगदी दाराशी आल्यावर आपण कडी लावतो. असली भाषा बोलणाऱ्याला तरी वाक्य पुरं ऐकायची सवय हवी. मला ती नव्हती, आणि पोटापाण्यासाठी मी नेमका असा धंदा धरला ज्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटीच येते.

ही २०११ ची गोष्ट. पुण्यात नारायण पेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं पाच माणसांचं ऑफिस होतं. आम्ही पतसंस्थांची सॉफ्टवेअरं करायचो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची पतसंस्था माझ्या वाट्याला आली होती. तिथे माझी सुरुवातच अशुभ झाली होती. एसक्यूएल सर्व्हर नावाच्या डेटाबेसात, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणाऱ्या प्रोग्रामात, मराठी मजकुराच्या आधी 'एन' हे अक्षर लावावं लागतं, नाहीतर प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. पहिल्याच आठवड्यात मी ते विसरलो आणि संचालक मंडळाच्या यादीत तेरा ओळी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. सचिवांनी चष्मा वर करून यादी पाहिली, केबिनचं दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "माहिती चुकीची नाही म्हणता येणार."

तर एके दिवशी काउंटरवर एक आजी आल्या. पासबुकावर नाव छापलं होतं 'सौ. सुनदा'. त्यांचं नाव सुनंदा. अनुस्वार गेला होता.

"बाळा, तेवढं टिंब दे," आजी म्हणाल्या.

आता टिंब देणं म्हणजे काय काम आहे? डेटाबेसला एक ओळ सांगायची: सभासदांच्या तक्त्यात नाव बदल, सौ. सुनंदा कर. आणि शेवटी 'व्हेअर' म्हणून कोणाचं बदलायचं ते सांगायचं. सभासद क्रमांक अमुक. हे 'कोणाचं' तुम्ही सांगितलं नाही, तर डेटाबेस विचारत बसत नाही. साहेबांनी सगळ्यांचं म्हटलंय, असं तो समजतो. असा आज्ञाधारक नोकर देव कोणाला न देवो.

माझी बाजू मांडतो. व्हेअर मी लिहिलं होतं. पण ते दुसऱ्या ओळीवर होतं. आणि डेटाबेसला ओळी सांगायच्या त्या प्रोग्रामात अशी सोय आहे, की माउसनं जेवढा भाग काळा केलात तेवढाच चालतो. मी पहिली ओळ काळी केली आणि एफ-फाइव्ह हे ओळ चालवायचं बटण दाबलं. वाक्य संपायच्या आत उठलो म्हणा ना.

एक सेकंदसुद्धा लागला नाही. खाली बारीक अक्षरांत उत्तर आलं: '६२१८ रोज अफेक्टेड'. रोज म्हणजे ओळी, हे कळायला मला दोन श्वास लागले. मग हातापायांतलं सगळं पाणी झालं. कंट्रोल-झेड नावाची, केलेली चूक मागे घेणारी जी गोष्ट लहानपणापासून देवासारखी पाठीशी उभी असते, ती डेटाबेसात नसते. आधी 'बिगिन ट्रान्झॅक्शन' म्हटलं असतं, तर 'रोलबॅक' म्हणून सगळं मागे घेता आलं असतं. मी म्हटलं नव्हतं. मी फक्त "अरे देवा" म्हटलं होतं.

संस्थेचे ६२१८ सभासद होते. ते सगळे आता सौ. सुनंदा होते.

पहिली पाच मिनिटं कोणाला काही कळलं नाही. मी संगणकासमोर, लाइट गेल्यावर बसतात तसा बसून होतो. मग पासबुकाच्या खिडकीवर गलका झाला. तालमीतल्या वस्तादांनी आपलं पासबुक छापून घेतलं होतं आणि ते आता दोन्ही हातांत लांब धरून वाचत होते. तेवढ्यात रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटचा मंडईतून फोन आला, की मशिनवरच्या यादीत कांदेवाल्यापासून कटलरीवाल्यापर्यंत सगळ्या गाळ्यांवर एकच बाई बसलीय. कर्जखात्यात तर त्याहून गंमत. कर्जदार सौ. सुनंदा, जामीनदार क्रमांक एक सौ. सुनंदा, जामीनदार क्रमांक दोन सौ. सुनंदा. खऱ्या सुनंदाबाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन टिंबाची वाट पाहत बसल्या होत्या. संस्थेची झाडून सगळी थकबाकी आपल्या नावावर चढलीय याची त्या माउलीला कल्पना नव्हती.

मग केबिनमधला फोन वाजला. मीच उचलला.

"हॅलो," पलीकडून भरदार पुरुषी आवाज आला, "सौ. सुनंदा बोलतोय."

चेअरमन होते. ऊसतोडीवर उभे असताना त्यांच्या मोबाइलवर 'सौ. सुनंदा, आपल्या खात्यात रु. ५००० जमा' असा मेसेज आला होता.

"इंजिनिअरसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. तोवर मला पुन्हा पुरुष करता येईल का?"

बॅकअप! सर्व्हरवर रोज रात्री आपोआप बॅकअप व्हायची व्यवस्था मी स्वतः लावली होती. पाहिलं, तर तीन महिन्यांपूर्वी डिस्क भरली होती आणि तेव्हापासून तो बॅकअप रोज रात्री इमानदारीनं नापास होत होता. नापास झाल्याची नोंद तो एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. ती फाइल मी कधी उघडली नव्हती.

वाचवलं ते शिपाईमामांनी. रोज संध्याकाळी सचिव एक बटण दाबून पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्यायचे आणि मामा तो डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचे. मामा त्या दिवशी रजेवर होते. चेअरमनांचा ड्रायव्हर मोटरसायकलवरून गेला आणि पेन ड्राइव्ह घेऊन आला. मामा तो देव्हाऱ्यात ठेवत. त्याला हळद लागली होती, टोपणावर कुंकवाचं बोट होतं. मी तो यूएसबीत घालताना मनातल्या मनात हात जोडले. आदल्या संध्याकाळचा अख्खा डेटा निघाला.

तो मी जसाच्या तसा मूळ डेटाबेसवर ओतला. त्यामुळे सकाळपासूनच्या सव्वाशे स्लिपा उडाल्या आणि त्या रात्री साडेआठपर्यंत पुन्हा हातानं भराव्या लागल्या. बॅकअप वेगळ्या नावानं शेजारी उघडून त्यातली नुसती नावं उचलता आली असती, हे मला परतीच्या एसटीत, खंबाटकीच्या बोगद्यात सुचलं. माझी हुशारी बऱ्याचदा बोगद्यात येते.

त्या रात्रीपासून मला एक व्यसन लागलं. झोप येत नसली, की मी जगातल्या मोठमोठ्या प्रोग्रामरांच्या चुका वाचत बसतो. भावकीतल्या कोणाचं तरी आपल्यापेक्षा जास्त नुकसान झालंय हे कळल्यावर जसं बरं वाटतं, तसं वाटतं. २२ जुलै १९६२ ला अमेरिकेनं शुक्राकडे मरिनर-१ नावाचं यान सोडलं, आणि रॉकेट भलतीकडे वळायला लागल्यामुळे पाच मिनिटांच्या आत स्वतःच उडवून दिलं. समीकरण उतरवून घेताना एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ राहून गेली, असं त्याचं कारण सांगतात. हे वाचलं तेव्हा माझे डोळे पाणावले. डोक्यावरची रेघ काय आणि डोक्यावरचं टिंब काय, आपलीच माणसं. १९९९ मध्ये तर मंगळाचं एक यान गमावलं ते मापांच्या घोळात. एका गटाचा प्रोग्राम बलाचे आकडे पाउंडात देत होता आणि दुसऱ्याचा ते न्यूटन म्हणून घेत होता. आमच्या मंडईत शेर आणि किलो यांच्यात एवढी गफलत झाली असती, तर गिऱ्हाइकानं वजनकाटाच उचलून नेला असता.

पण माझं सगळ्यात लाडकं प्रकरण गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामरांचे प्रोग्राम सांभाळून ठेवणाऱ्या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरापर्यंत जागलेल्या त्यांच्या इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा म्हणून मुख्य सर्व्हरवरच पुसला. चूक लक्षात येऊन त्यानं हात आवरला तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. वेळेला एकही धड कामी आली नाही. सहा तासांपूर्वी कोणीतरी सहज हातानं काढून ठेवलेली एक प्रत सापडली, तिच्यावर निभावलं. आणि त्या लोकांनी हे सगळं लपवायचं सोडून डेटा परत आणायचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं! मी त्या प्रसंगाची हकिगत दोन-तीनदा वाचली. प्रत्येक वेळी वाटलं, त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त देव्हारा नव्हता.

आता वाटेल, की सहा हजार माणसांच्या बायका केल्यावर हा गडी सुधारला असेल. मीही तसंच समजत होतो.

निवडणुकीनंतर चेअरमनांनी एसएमएसचं बिल पाहिलं. "एका मेसेजचे दोन-दोनदा पैसे का?" मी समजावून सांगितलं. एसएमएस ही १४० बाइटची पिशवी आहे. इंग्रजी अक्षरं बारीक, ती १६० मावतात. मराठी अक्षराला जागा जास्त लागते, म्हणून ७०. तीसुद्धा आपण मोजतो तशी नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेला हलन्त, सगळ्यांचं तिकीट वेगळं. 'मंडळाच्या' या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात, मोबाइल नऊ मोजतो. सत्तरच्या वर गेलात की दुसरी पिशवी, दुसरं बिल.

"मग सत्तरच्या वर जाऊ देऊ नका," चेअरमन म्हणाले.

मी लगेच एक ओळ टाकली: सत्तर अक्षरं झाली की पुढचं छाट. तपासूनही पाहिलं. मंजूर झालेल्या एका कर्जाचा मेसेज स्वतःच्या मोबाइलवर मागवला. 'मा. सभासद, आपला कर्जमागणी अर्ज संचालक मंडळाच्या सभेत मंजूर करण्यात आला'. शेवटचं 'आहे' गेलं होतं. 'आहे' नसलं म्हणून काय बिघडतं? उलट आटोपशीर वाटत होतं. मी खुशीत पुण्याला निघून आलो.

वरचा मेसेज मोजून पाहा. रिकाम्या जागांसकट बरोबर सत्तर भरतो. आता नामंजूर अर्जाचा मेसेज काय असेल? हेच सगळं, आणि शेवटी एकच शब्द. 'नाही'.

त्या महिन्यात तेवीस अर्ज नामंजूर झाले होते. तेवीसही जणांना एका संध्याकाळी मंजुरी गेली. एकानं म्हशीचा विसार देऊन टाकला. एकानं घरावरची कौलं उतरवली. तिसरा सकाळी साडेदहाला कंदी पेढ्यांचा किलोचा पुडा घेऊन थेट चेअरमनांच्या केबिनमध्ये हजर. चेअरमनांनी दोन पेढे खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि मग विचारलं, "कशाचे?"

त्यानं सांगितलं. तिसरा पेढा हातातच राहिला.

दुपारी मला फोन. या वेळी ते सुनंदा म्हणून बोलत नव्हते, आणि जे बोलले ते छापण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी तातडीची सभा झाली. बावीस जणांना मॅनेजरनं घरोघर जाऊन हात जोडून सांगितलं, की शेवटचा शब्द राहिला होता. त्या तेविसाव्याचे कागद मात्र पुन्हा मागवले, एक जामीनदार बदलून घेतला आणि कर्ज देऊन टाकलं. "खाल्ल्या पेढ्याला जागायला हवं," चेअरमन म्हणाले. म्हशीचा विसार परत मिळाला. कौलांचं काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

ती छाटणी काढायला मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेलो. नामंजुरीचा मेसेज आता 'नामंजूर' या शब्दानंच सुरू होतो. वाचायला उद्धट वाटतो, पण राहू दे. काम संपवून निघालो तर बाकावर सुनंदाबाई. पिशवी मांडीवर, पासबुक हातात. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: आम्ही ओतलेला बॅकअप आदल्या दिवशीचा होता. सगळे सभासद आपापल्या नावावर परत गेले होते, आणि ह्यासुद्धा. सौ. सुनदा.

मी अक्षरशः पळत त्यांच्याकडे गेलो. "आजी, आत्ता करून देतो. दोनच मिनिटं बसा, आधी व्हेअर लिहितो, मग..."

"नको रे बाळा," आजी म्हणाल्या. माझ्या आयुष्यात वाक्याच्या सुरुवातीलाच 'नको' म्हणणारं हे पहिलं माणूस. "मागच्या खेपेला एक टिंब मागितलं, तर चेअरमन माझ्या नावाचे झाले. आमचे हे अजून चिडवतात."

मग त्यांनी पासबुक उघडून माझ्यासमोर धरलं. छापलेल्या 'न'च्या डोक्यावर निळ्या बॉलपेननं, चांगलं दाबून, एक टिंब दिलेलं होतं.