डोमेन उडवणं म्हणजे डोमेन तपासणं नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

रॅड५३ या, डीएनए बिघडला की पेशीला सावध करणाऱ्या यीस्टच्या प्रथिनावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत : ‘आर्जिनिन बदलायची भानगड कशाला? एफएचए डोमेन सरळ उडवा, एमएमएसच्या प्लेटवर ठिपके टाका, झालं. लेखकाने यीस्ट कधी हाताळलंय का?’ (डोमेन म्हणजे प्रथिनातला स्वतंत्र घडीचा भाग; रॅड५३ मध्ये एफएचए१ आणि एफएचए२ अशी दोन आहेत. एमएमएस हे डीएनए बिघडवणारं रसायन; त्याच्या प्लेटवर पेशींचे ठिपके टाकून त्या तगतात का ते पाहतात.)

मतभेद जरूर असावेत, पण ते शेवटचं वाक्य कशासाठी? इतकी वर्षं रोज यीस्टचेच ब्लॉट काढणाऱ्या माणसाला हे विचारायचं, तर आधी लेख तरी पुरता वाचायचा. एक चूक मान्य. एफएचए फॉस्फेट लागलेलं थ्रिओनीन हे अमिनो आम्ल ओळखतं. मी ओघात ‘सेरीन किंवा थ्रिओनीन’ लिहून गेलो. फॉस्फोसेरीन (फॉस्फेट लागलेलं सेरीन) हा बीआरसीटी या वेगळ्या डोमेनचा प्रांत. दुरुस्ती केली आहे.

आता ‘सरळ उडवा’. शंभरेक अमिनो आम्लांची घडी मधूनच काढली, की उरलेलं प्रथिन धड राहीलच असं नाही. ते पेशीत तुटून गेलं, तर प्लेटवर दिसते ती प्रथिनच नसल्याची संवेदनशीलता, डोमेनची नव्हे. ठिपक्यांना हा फरक दाखवता येत नाही. म्हणून एफएचए१ मधल्या ७०व्या आणि एफएचए२ मधल्या ६०५व्या आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या जागी अलानिन घालायचं. फॉस्फेट धरणारी पकड तेवढी जाते, घडी टिकते. हे बदल वेगवेगळे करा आणि एकत्रही करा. एकच केलात तर दुसरं डोमेन बरंचसं सांभाळून घेतं आणि ‘याचा काही संबंध नाही’ असा उतावळा निष्कर्ष निघतो. वाण एसएमएल१ हे जनुक काढलेला घ्या, कारण रॅड५३ पुरतं निकामी झालं तर एरवी पेशी जगतच नाही.

आणि प्लेटच्या आधी वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिन किती आहे ते पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी. द्रव माध्यमात ०.०३ टक्के एमएमएस, ३० अंशांवर तासभर, मग टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) वापरून अर्क. साध्या बफरमध्ये पेशी फोडत बसलात तर फॉस्फटेज ही फॉस्फेट काढणारी विकरं काम उरकतात आणि फॉस्फेटमुळे वर सरकलेली पट्टी खाली येते. एमएमएस न दिलेल्या लेनमध्ये पट्टी मूळ वाणाइतकीच गडद हवी. फिकी दिसली तर प्लेट ओतूच नका. ओतलेली प्लेटही ताजीच वापरा. एमएमएस पाण्यात विघटित होतं.

बाकी मुद्द्यांत दम नाही. रॅड९ (रॅड५३ चं एफएचए ज्याला धरतं ते प्रथिन) मधल्या थ्रिओनीनच्या जागी ॲस्पार्टेट घालून ‘कायमचं फॉस्फेट’ बनवायची सूचना तर इथे लागूच पडत नाही : एफएचए त्याला फॉस्फेट मानत नाही, धरतही नाही.