लोखंडी कठडा बेकायदा? खुलासा

कोथरूडमधल्या आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय : ‘जिन्याला लोखंडी रेलिंग आता चालत नाही, ३०४ स्टीलच हवं.’ (३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार.) हा दावा चुकीचा आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ विशिष्ट धातूची सक्ती करत नाही. ती पाहते उंची : पायरीच्या मध्यापासून १००० मिमी. शिवाय इमारतीतला जिना न जळणाऱ्या साहित्याचाच हवा. म्हणून सामाईक जिन्यात लाकडी पॅनेलिंग नकोच.

लोखंड खुशाल वापरा, फक्त रेडऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर) नीट मारा. पुण्याच्या पावसात वेल्डिंगचे सांधे आधी गंजतात. काच हवी असेल तर लॅमिनेटेड (मधल्या थराने चिकटवलेल्या दोन काचांची) घ्या. नुसती टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच फुटली की चुरा होऊन खाली पडते आणि कठड्याला भगदाड पडतं. घरात लहान मुलं असतील त्यांनी गजांमधली फटही आवर्जून मोजावी. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.