‘जुने कपडे बिनधास्त टाका, त्यांचे नवे होतात’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेले काही आठवडे आमच्या नात्यातल्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवरही एकच मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: आता असं मशीन निघालंय की कुठलाही जुना कपडा त्यात घातला की सूत होतं आणि त्या सुताचे पुन्हा नवे कपडे होतात. दुकानात ‘रिसायकल्ड’ लिहिलेले टी-शर्ट मिळतात, हा त्याचा पुरावा. परदेशात सगळे जुने कपडे असेच वापरात येतात. तेव्हा कपाट रिकामं करा, जुने डब्यात टाका आणि नवीन घेताना मनात किंतु ठेवू नका.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणायचे आणि आई घरी कांड्या भरायची. धागा सारखा का तुटतो, यावर आमच्या घरात रोज बोलणं व्हायचं. म्हणून ‘कुठलाही कपडा’ हे दोन शब्द वाचले आणि राहवलं नाही.

आधी मशीनचं बघू. ते काही आत्ता निघालेलं नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागात बॅटली नावाचं गाव आहे, तिथे १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं सूत काढायला सुरुवात झाली. आपल्याकडे हा धंदा पानिपतात वाढला. दातेरी रूळ चिंधी ओरबाडतात, विणीतून धागा सुटतो आणि धाग्यातून तंतू सुटतो. सुटताना तो तुटतोही, आणि सगळी गोम इथेच आहे. चांगल्या कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो. कपडा वर्षानुवर्षं घालून, आपटून, धुऊन तो आधीच झिजलेला असतो, त्यात ही ओढाताण झाली की आखूड तुकडे हाती येतात. आखूड तंतूंत पीळ नीट धरत नाही. त्यामुळे त्यांचं सूत काढायचं तर ते ओपन एंड नावाच्या सूतकताईच्या यंत्रावर, जाड, म्हणजे कमी नंबरचं काढावं लागतं, आणि बहुतेक वेळा त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावं लागतं. अशा सुताचं ब्लँकेट, सतरंजी, पायपुसणं छान होतं. शर्टाचं बारीक कापड नुसत्या त्या सुतातून निघत नाही. शिवाय ते एकदा झिजलं की पुढच्या खेपेला तंतू आणखी आखूड होतो. हे चक्र फिरत राहतं असं मेसेज म्हणतो, प्रत्यक्षात ते दर फेरीला खाली उतरतं.

हे झालं निव्वळ सुती कपड्याचं. आपल्या कपाटात निव्वळ सुती असतं किती? टेरिकॉटच्या शर्टात पॉलिस्टर आणि कापूस एकाच धाग्यात पिळलेले असतात. ताणणाऱ्या जीन्समध्ये लायक्रा असतं. कापड सुती असलं तरी शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो. बटणं, चेन, इलॅस्टिक, कॉलरमधलं कडक कापड हे सगळं आधी काढावं लागतं. मग रंगाप्रमाणे ढीग लावायचे, म्हणजे सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. यातलं बरंचसं काम माणसं, विशेषतः बायका, धुळीत बसून हातानं करतात. मेसेजमधलं मशीन एकटं काही करत नाही.

आता यात खरं किती, तेही सांगतो, कारण मेसेज पूर्ण खोटा असता तर इतका पसरला नसता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कुठल्याही कारखान्यात जा. कडेचं कातरण, कापलेल्या दशा, कांडीवर उरलेलं सूत कोपऱ्यात पोत्यांत भरलेलं दिसेल. हा माल कोरा आहे, कशाचा आहे ते माहीत आहे, रंग माहीत आहे, बटण नाही, मळ नाही आणि तो एका जागी साठलेला आहे. असा माल किलोवर उचलला जातो आणि त्याचं पुन्हा सूत होऊ शकतं. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या होजिअरीच्या, म्हणजे बनियन-टी-शर्टच्या विणीव कापडाच्या, कातरणाचंही तसंच, त्यातून नवे कपडेही होतात. हे काम वाढलंच पाहिजे, सोलापुरात तर नक्कीच. पण कारखान्याच्या कोपऱ्यातली कोरी चिंधी आणि तुमच्या-माझ्या माळ्यावरचं दहा वर्षं वापरलेलं गाठोडं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मेसेज पहिलीचं यश सांगतो आणि दुसरी फेकून द्यायला लावतो.

‘रिसायकल्ड’ टी-शर्टाचा पुरावा तर लगेच निकालात निघतो. बाजारातलं जवळपास सगळं रिसायकल्ड पॉलिस्टर पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांपासून बनतं. त्या टी-शर्टात कुणाचा जुना शर्ट नाही, बाटली आहे.

परदेशाचं म्हणाल, तर वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्यांत येतो. उरलेल्यातला थोडा भाग पुसणी, गाद्यांचं भरण अशा हलक्या वापराला जातो. बाकी बहुतेक गाडला किंवा जाळला जातो. युरोपीय संघात २०२५ पासून जुने कापड वेगळं गोळा करणं बंधनकारक झालंय, ते चांगलंच आहे. पण गोळा होणं आणि त्याचा कपडा होणं यांत मोठं अंतर आहे. स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीनं सुती कपडे विरघळवून लगदा करण्याचा मोठा कारखाना २०२२ मध्ये सुंद्सवाल इथे सुरू केला. त्या लगद्यापासून व्हिस्कोससारखा, म्हणजे एरवी लाकडाच्या लगद्यापासून बनतो तसा, धागा काढतात, म्हणजे तिथेही कापूस परत कापूस होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. पुढे नव्या मालकानं ती घेतली, काम संपलेलं नाही. पण ‘सगळे कपडे’ म्हणण्याइतकं ते आज कुठेही झालेलं नाही. उलट, परदेशातले नकोसे कपडे गठ्ठे बांधून आपल्या पानिपतातच येतात.

आता शेवटचं वाक्य, ‘किंतु ठेवू नका’. मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. आपल्या घरांत किंतु होता म्हणूनच कपडा टिकत होता. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा झाला की त्याचं पुसणं. आईचं सुती लुगडं विरलं की वाकळ, शेजारच्या कानडी घरात तिलाच कवदी म्हणायचे. त्यातून उरलेलं बोहारणीला, एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करून. या प्रत्येक पायरीवर कपडा आहे तसाच वापरात राहायचा. त्याला पिंजायला, विरघळवायला, ट्रकनं हजार मैल न्यायला काही लागत नव्हतं. पुनर्वापराच्या कुठल्याही मशीनहून कपडा आणखी दोन वर्षं अंगावर राहणं सरस आहे, कारण तेवढं नवं कापड विणावं-रंगवावं लागत नाही.

मला हा मेसेज पहिल्यांदा माझ्या मावशीनं पाठवला होता. तिनं दोन पिशव्या भरूनही ठेवल्या होत्या. रविवारी तिच्याकडे बसून आम्ही त्या उपसल्या. सुती साड्या आणि धोतरं निघाली, ती वाकळ शिवणाऱ्या बाईंकडे गेली. घालण्यासारखे सहा ड्रेस मोलकरणीच्या मुलींनी स्वतः निवडून नेले. फाटक्या बनियनांची पुसणी केली. राहिले काकांचे चार टेरिकॉटचे शर्ट, कॉलर विटलेली पण कापड शाबूत. मावशी म्हणाली, कॉलर उलटवून घेते, अजून दोन वर्षं जातील.