‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे नव्हे

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील काही व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. ‘फ्लेमेबल’ म्हणजे पेटणारे, त्यामागे ‘इन’ लागले की न पेटणारे, असे त्यात सांगितले आहे. हे पूर्णपणे चूक असून जिवावर बेतू शकते, म्हणून हा खुलासा.

‘इनकरेक्ट’मधील ‘इन’ नकार दाखवतो, हे खरे. परंतु ‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द ‘पेटवणे’ या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या लॅटिन क्रियापदावरून आलेला असल्यामुळे त्यातील ‘इन’ नकारार्थी नाही. डॉक्टर सुजेला ‘इन्फ्लेमेशन’ म्हणतात, त्याचेही मूळ हेच. दोन्ही विशेषणांचा अर्थ एकच आहे : ज्वालाग्राही. मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघणाऱ्या इंधनाच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते, ते याच अर्थाने. हा गोंधळ नवा नाही. तो टाळण्यासाठीच अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थेने 1920 च्या दशकात ‘फ्लेमेबल’ या सुटसुटीत रूपाचा आग्रह धरला.

‘कम्बस्टिबल’ हा शब्द मात्र थोडा वेगळा आहे. बोलण्यात तो जळू शकणाऱ्या कोणत्याही वस्तूला, अगदी लाकडालाही चालतो. अमेरिकी वर्गीकरणात तो साधारणपणे तुलनेने जास्त तापमानाला पेट घेणाऱ्या द्रवांसाठी वापरला गेला. न पेटणाऱ्या पदार्थासाठी योग्य शब्द ‘नॉन-फ्लेमेबल’. पिंपावर तो नसेल, तर ठिणगी दूरच ठेवावी.