जस्टिस पालांच्या नावाने फिरणारा तो फॉरवर्ड

सोसायटीच्या ग्रुपवर जपानवाला मेसेज तिसऱ्यांदा आलाय. दुसऱ्या महायुद्धात जपान निर्दोष होता हे आपल्या जस्टिस पालांनीच सिद्ध केलं, माफी मागून झाली, पैसे देऊन झाले, चीन-कोरिया उगाच जुनं उकरतात, आणि भारताचं तर जपानने काहीच वाकडं केलं नाही. काका, मुंबईच्या मेट्रो ३ला जपानचं कर्ज आहे ते मान्य, पण म्हणून काहीही?

आधी पाल. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात ११ जज होते, त्यातल्या राधाबिनोद पालांनी १९४८ला वेगळा निकाल देऊन सगळ्या आरोपींना सोडा म्हटलं, हे खरंय. पण कशासाठी, तर युद्ध सुरू करणं हा तेव्हा कायद्याने गुन्हाच नव्हता आणि जिंकलेले मागाहून नियम बनवून हरलेल्यांना लटकवतायत म्हणून. नानकिंग (१९३७ला जपानी सैन्याने या चिनी शहरात केलेली कत्तल) झालंच नाही असं ते कुठे म्हणाले? उलट जपानी सैन्याने नागरिकांचे, कैद्यांचे हाल केले याचा भरभक्कम पुरावा आहे असं त्याच निकालात लिहिलंय. फॉरवर्डमध्ये टोकियोतल्या यासुकुनी देवळातल्या (तिथे जपानच्या युद्धात मेलेल्यांना पूजतात) पालांच्या स्मारकाचा फोटो आहे, पण त्याच देवळात १९७८ला १४ बडे युद्धगुन्हेगार गुपचूप पूजेला बसवले ते गाळलंय.

माफी मागितली, हो. १९९३ला सैन्यासाठी बायकांवर केलेल्या लैंगिक जबरदस्तीबद्दल मंत्री कोनोंनी, १९९५ला एकूण युद्धाबद्दल पंतप्रधान मुरायामांनी, दोघांची निवेदनं चांगलीच स्पष्ट आहेत. मग २०१३ला पंतप्रधान आबे त्याच यासुकुनीला जाऊन आले, आता कोरियावाल्याने कुठलं खरं मानायचं?

पैसे: १९६५च्या करारात दक्षिण कोरियाला ३० कोटी डॉलर मदत आणि २० कोटी कर्ज. ते सरकारकडे गेले, बरेचसे उद्योग उभारण्यात लागले, युद्धात जपानने जबरदस्तीने राबवलेल्या मजुरांना त्यातलं फार काही मिळालं नाही, आणि २०१८ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला. चीनने १९७२ला भरपाई सोडली, पण भरपाई सोडली म्हणजे आठवण सोडली असं होत नाही ना.

आणि आपलं काही वाकडं केलं नाही? १९५२च्या तहात भारतानेही भरपाईचा हक्क सोडला, म्हणजे सोडण्यासारखं काहीतरी होतं. मार्च १९४२ ते १९४५ अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं. हेरगिरीच्या संशयावरून माणसं उचलायचे, तिथले डॉक्टर दिवाणसिंग यांना सेल्युलर जेलमध्ये छळून मारलं आणि ३० जानेवारी १९४४ला पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला त्याला तेव्हा जेमतेम महिना झालेला.

आम्ही गेलेलो तिकडे. सावरकरांच्या कोठडीपाशी लाइन लावून फोटो काढले, लाइट अँड साउंड शो बघितला. हम्फ्रीगंज टूरच्या प्रोग्रॅममध्ये नव्हतं, आम्हीही विचारलं नाही.