गाता येऊ नये इतपत

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता विजेवर चालणाऱ्या एका गाडीने मला बेसूर ठरवले आणि त्याचा पुरावा आठ वाजायच्या आत माझ्या घरी पोहोचला.

वडिलांकडून रक्तदाब आणि आईकडून साखर असा दुहेरी वारसा मला मिळालेला असल्यामुळे डॉक्टरांनी आठवड्याला १५० मिनिटे सायकल चालवायला सांगितली आहे. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा असल्याने त्यात घासाघीस करता येत नाही. व्यायाम पुरेसा होतो आहे की नाही, हे ओळखण्याची जी खूण त्यांनी सांगितली ती मात्र माझ्या वर्मी लागली. सायकल चालवताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. गाता येत असेल, तर व्यायाम फारच हलका चालला आहे असे समजावे. ही खूण त्यांनी माझ्या पत्नीसमोर सांगायला नको होती. घरात माझ्या गाण्याला वेळ आणि जागा दोन्ही नाकारण्यात आलेली असल्यामुळे सायकल हीच माझी बैठक आहे, आणि ताशी १२ किलोमीटरच्या वेगाला चाकेही छान फिरतात आणि गळाही छान फिरतो. पंचाईत होते ती १६ च्या पुढे, आणि तिकडे मी सहसा फिरकत नाही.

त्या दिवशी मी भूप आळवत होतो. दोन-तीन आलाप झाले असतील, तोच मागून एक बारीक, अखंड स्वर ऐकू येऊ लागला. प्रथम वाटले की कान वाजत असावेत, कारण आमच्या घराण्यात (गाण्याच्या नव्हे, रक्ताच्या) पन्नाशीनंतर कान वाजण्याची परंपरा आहे. मग लक्षात आले की तो स्वर माझ्या षड्जाच्या अगदी शेजारचा आहे. आयता तानपुरा मिळाल्यावर कोणाचेही जे होईल तेच माझे झाले. डोळे अर्धवट मिटले, पाय सैलावले आणि वेग १० वर आला. नवल म्हणजे तानपुराही उतरला. मी पायडलवर जोर दिला, तर तोही चढला. मी वळून पाहिले, तर सायकलच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर एक पांढरी गाडी होती.

या गुणगुणण्यामागे कायदा आहे. विजेची गाडी कमी वेगात इतकी निःशब्द चालते की पायी चालणाऱ्यांना, विशेषतः दृष्टिहीनांना, तिची चाहूल लागत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानुसार अशा गाडीने ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज करत राहावे लागते. १० च्या वेगाला किमान ५० डेसिबल, २० ला ५६. त्यापुढे टायरांचाच आवाज पुरेसा होतो. शिवाय गाडीचा वेग वाढतो आहे की कमी होतो आहे हे कानाला कळावे, म्हणून ५ ते २० या टप्प्यात तिचा स्वर वेगाच्या दर किलोमीटरमागे सरासरी किमान ०.८ टक्का चढला पाहिजे. पंधरा किलोमीटरचे बारा टक्के झाले, म्हणजे जवळजवळ षड्जापासून शुद्ध रिषभापर्यंतचे अंतर. ज्या तानपुऱ्याचा सा वेग वाढवताच रे होतो, त्याच्यावर विसंबून मी गात होतो.

गाडी माझ्या बरोबरीला आली आणि तिची काच खाली गेली. आत चाळिशीतला एक प्रसन्न गृहस्थ होता.

"काका, तुमचा सा घसरतोय."

"तुमची गाडी घसरतेय. मी तिच्या मागोमाग जातोय."

"गाडी कशी घसरेल? ती कंपनीतूनच सुरात लावून येते."

"मग वेग बदलला की तिचा स्वर का बदलतो?"

"स्वरावरून स्वरावर असं घसरत जाण्याला मींड म्हणतात ना?"

यावर मला उत्तर सुचले नाही, हे मी आजही स्वतःला क्षमा करू शकलेलो नाही. तेवढ्यात त्याने प्रयोग सुचवला. "मी अकरावर स्थिर ठेवतो, तुम्ही सा लावा." काय बुद्धी झाली कोण जाणे, मी लावला. पुढची पाचेक मिनिटे आम्ही शेजारी शेजारी चाललो होतो, मागे हॉर्नचा गजर होत होता आणि तो मला स्पीडोमीटर वाचून दाखवत होता. "अकरा... अकरा... बारा झाले, सॉरी काका, थोडा वर घ्या." मग त्याच्या मनात शंका आली. "पण सकाळी भूप कसा? तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा ना?" भूपाळी मात्र पहाटेचीच असते, हे मी त्याला सांगणार, इतक्यात त्याचे लक्ष माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे गेले.

"नाडी किती?"

"चौऱ्याण्णव."

"फक्त? वय?"

"सत्तावन्न."

"म्हणजे २२० वजा ५७, १६३. त्याचे चौसष्ट टक्के तरी हवेत, म्हणजे १०४. काका, तुम्ही चालत नाही आहात, तुम्ही चार्जिंगला लावलेले आहात." मग माझे सांत्वन करावे म्हणून तो म्हणाला, "चालायचंच. जलद चार्जिंगसुद्धा ऐंशी टक्क्यांनंतर मंदावतं."

"तुम्ही कोणता व्यायाम करता?" मी विचारले.

"घरचे फार मागे लागले होते, म्हणून तर ही गाडी घेतली. धूर नाही. तब्येतीला चांगलंच ना ते!"

गाडीने गुणगुणावे याला माझी हरकत नाही. ज्यांच्यासाठी नियम झाला त्यांना त्याची गरज आहे. पण ५० डेसिबलची सूचना दिली की हातभर अंतरावरून चिकटून चालण्याचा परवाना मिळतो, अशी समजूत कोणी करून घेतली असेल, तर तिचे काय करायचे? आवाज दिल्याने जागा दिली असे होत नाही. मला खरी भीती वाटते ती ५० च्या वेगाने कानाजवळून जाणाऱ्यांची. सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यात मात्र सर्व प्रकारच्या गाड्या उभ्या असतात, आणि तिथे पेट्रोलची गाडीही विजेच्या गाडीइतकीच निःशब्द असते.

हा गृहस्थ आमच्याच इमारतीत नव्याने राहायला आलेला निघाला. गाडीच्या कॅमेऱ्यातला बेचाळीस सेकंदांचा तुकडा त्याने 'काकांची प्रभातमैफल' या मथळ्याखाली इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. त्यात गाडी माझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू येते. पत्नीने तो शेवटपर्यंत ऐकला.

मी म्हणालो, "गाडीमुळे सूर हलला."

"अहो, बेसूर आहे हे मला तीस वर्षं माहीत आहे," ती म्हणाली. "पण गाता येत होतं, हे आज कळलं."

आमच्या घरात चौघांचे रक्तदाब आणि साखरेचे आकडे एकाच वहीत लिहिले जातात. आदल्या रात्री कोण किती झोपले, कोण किती चालले, सारे काही तिच्यात असते. माझा त्या वहीवर राग नाही, तिच्यामुळे वडिलांचे औषध वेळेवर बदलले गेले. पण दिवसातली जी वीस मिनिटे मला कोणताच आकडा आठवत नाही, त्यांची नोंद तिच्यात 'गाणे (कसूर)' अशी व्हावी, हे मला लागले. मुलगी म्हणाली, "बाबा, तू गाण्याऐवजी काहीतरी बोलत जा ना. बोलायला परवानगी आहे." बोलायचे काय, यावर घरात चर्चा झाली आणि मेंदूलाही व्यायाम म्हणून पाढे ठरले.

आज सकाळी मी १५ च्या वेगाने, घाम गाळत, सत्तावीसचा पाढा म्हणत चाललो होतो. मागे बारीक गुणगुण सुरू झाली. मी वळून पाहिले नाही. काच खाली गेल्याचा आवाज आला.

"काका, सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद."