‘बाटलीत काच निघाली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. पाहुण्यांसाठी आमच्याकडून अथणीकडच्या शिराझची, म्हणजे त्या जातीच्या द्राक्षाच्या तांबड्या वाइनची, बाटली नेलीत, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलीत आणि ओतताना तळाशी ‘काचेचा चुरा’ दिसला. शिवाय चव गेल्या वर्षीसारखी नाही, नाशिकच्या नावाजलेल्या बाटलीपेक्षा महाग आहे, आणि ‘आपल्या भागातली म्हणून भावनेवर माल खपवतात’ असंही लिहिलंत. सविस्तर उत्तर देतोय, कारण तुमचं वाचून ‘काच निघाली म्हणे’ असं विचारणारे फोन दुकानात यायला लागलेत.

ती काच नाही. चिंचेला जे आम्ल आंबट करतं तेच, टार्टारिक, द्राक्षातही असतं. द्राक्षातल्याच पोटॅशियमशी जुळून त्याचा क्षार होतो. वाइन गार झाली की तो विरघळलेला राहत नाही, खडे धरून खाली बसतो. तुमच्या बाटलीत ते काम दोन दिवसांच्या फ्रिजनं केलं. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा: बुचाच्या आतल्या तोंडाला बारीक जांभळे कण चिकटलेत, साखरेच्या दाण्यांसारखे. काच असा रंग धरत नाही, हे खडे मात्र वाढताना वाइनचा रंग ओढून घेतात. तरीही शंका असेल तर चिमूटभर कण कढत पाण्यात टाकून ढवळा. विरघळून जातील.

मोठ्या वायनरीत बाटली भरण्याआधी वाइन शून्याखाली काही दिवस ठेवतात आणि हे खडे टाकीतच पाडून घेतात. आमची वाइन करणाऱ्याकडे तेवढी यंत्रणा नाही. असती तरी मी त्याच्यामागं लागलो नसतो. खड्यांनी चव बिघडत नाही आणि अपायही होत नाही. बाटली तासभर उभी ठेवायची, सावकाश ओतायची, शेवटचा घोट बाटलीतच सोडायचा.

चव बदलली, हे तुमचं अगदी बरोबर आहे. तुमच्या जिभेला दाद देतो, कारण बहुतेकांना ते कळतही नाही. गेल्या वेळची बाटली 2023 च्या तोडणीची होती, ही 2024 ची. मधल्या काळात काय झालं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. 2023 चा पावसाळा दगा देऊन गेला, कर्नाटकातले दोनशेहून जास्त तालुके सरकारनं दुष्काळी जाहीर केले. अथणीकडं तसाही आपल्या बेळगावच्या मानानं पाऊस फारच कमी. बोअरला पाणी नाही म्हटल्यावर मणी फुगत नाही, बारीकच राहतो. मणी बारीक म्हणजे रस कमी आणि सालीचं प्रमाण जास्त. तांबड्या वाइनला रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतूनच मिळतात. म्हणून ही बाटली जास्त गडद आहे आणि घशाशी जरा आवळते. मला स्वतःला तीच जास्त आवडते, मटणाच्या तांबड्या रश्श्यापुढं ती टिकते. तुम्हाला आधीची आवडली, तेही ठीक. पण दोन्ही सारख्याच लागाव्यात यासाठी दुसऱ्या बागेची वाइन त्यात मिसळणं आम्हाला जमणार नाही. एका बागेची, एका हंगामाची वाइन म्हणून आम्ही ती विकतो.

आता भावनेचा मुद्दा. अथणी, तिकोटा, विजयपूर हा पट्टा द्राक्षाचा आहे, पण तो बेदाण्याचा. थॉमसन हे बिनबियांचं द्राक्ष लावा, शेडमध्ये सुकवा, तासगाव-सांगलीला पाठवा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि भाव पडला तर तो कोल्ड स्टोरेजला ठेवून थांबता येतं. वाइनच्या द्राक्षाला ही सोय नाही. बी मोठी, साल जाड, कोणी हौसेनं खात नाही, बाजारात टोपली घेऊन बसलात तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. तोडल्यावर एक-दोन दिवसांत वायनरीनं घेतली तर घेतली, नाहीतर गेली. नाशिककडं 2009-10 च्या सुमारास वायनऱ्यांनी माल उचलला नाही तेव्हा शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. ते इकडच्या बागायतदारांनीही बघितलंय. त्यामुळं आमच्या बागवाल्याला आम्ही ऑक्टोबर छाटणीच्या आधीच दर बांधून देतो. छाटणीनंतर अवकाळी आला, डावणी ही बुरशी पडली, घड कमी लागले, तरी किलोचा दर तोच.

आणि माल कमी लागावा हे आम्हीच त्याला सांगतो. खाण्याच्या द्राक्षाला एकरी जेवढा माल धरतात त्याच्या निम्माही इथं धरायचा नाही, जास्तीचे घड हिरवे असतानाच काढून टाकायचे. बागवाल्याच्या वडिलांना ते अजून बघवत नाही, घड काढायच्या दिवशी ते बागेकडं येतच नाहीत. तोडणी पहाटे अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून होते, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ-नऊनंतर तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं.

पाऊण लिटरच्या बाटलीला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं लागतात. म्हणजे किंमत काही नुसत्या द्राक्षानं चढत नाही. बाटली, बूच, छपाई, लेबलची मंजुरी, कर हे सगळं लाखभर बाटल्यांवर वाटणं वेगळं आणि आमच्या मूठभर बाटल्यांवर वाटणं वेगळं. नाशिकची बाटली कोल्हापुरात स्वस्त मिळते हेही खरं. महाराष्ट्रानं 2001 च्या धोरणात आपल्या वाइनला करात सवलत दिली, कर्नाटकाचं धोरण 2007 चं. दोन्हीकडची अबकारी वेगळी. मिरजेची द्राक्षं राज्यांच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका बिनधास्त ओलांडतात, त्यांचीच वाइन झाली की इकडच्या परवान्याशिवाय इथं विकता येत नाही. आपल्या भागातली ही भांडणं मी मिटवू शकत नाही. नाशिकची बाटली आवडत असेल तर तीही आमच्याच दुकानात आहे, जरूर न्या.

खड्यांसाठी पैसे परत मिळणार नाहीत. बुचामुळं बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर मात्र उघडलेली बाटलीसुद्धा आम्ही बदलून देतो, ते बिलाच्या मागं छापलेलं आहे. 2023 च्या काही बाटल्या अजून शिल्लक आहेत. त्यातली एक तुमच्यासाठी बाजूला ठेवायला पोराला सांगितलंय. रविवारच्या आत आलात तर मिळेल, आणि या वेळी ती दोन दिवस नको, ओतण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बास.